टचपॅड आणि त्याची बटणं: दहा महिन्यांच्या वापरानंतर

ज्या लॅपटॉपबद्दल हे लिहिलंय त्याचा टचपॅड जुन्या धाटणीचा आहे. वर बोट फिरवायची सपाट जागा आणि तिच्या खाली डावं-उजवं अशी दोन सुटी बटणं. सोबत दुसरा एक लॅपटॉप वापरात होता, त्याला सुटी बटणं नाहीत, अख्खा पॅडच खाली दबतो. दोन्ही दहा महिने रोज सात-आठ तास चालले. या काळात पॅड अचानक बंद पडणं, एकच बटण न चालणं, कर्सरने उड्या मारणं, झोपेतून (स्लीपमधून) उठवल्यावर पॅड गायब असणं, सगळे प्रकार होऊन गेले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: 'टचपॅड चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून दुरुस्ती सुरू करू नये. पॅड बंद आहे, बटणं बंद आहेत की दोन्ही, हे आधी ठरवा. ते ठरवलं नाही तर लोक ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हापुन्हा टाकत बसतात आणि दोष असतो बटणाखालच्या दोन मिलिमीटरच्या स्विचमध्ये.

तपासणी साधी आहे. बोट फिरवून कर्सर हलतो का, दोन बोटांनी पान वर-खाली सरकतं का, पॅडवर हलकी टिचकी मारली तर क्लिक होतं का, आणि मग दोन्ही बटणं वेगवेगळी दाबून बघा. बहुतेक लॅपटॉपमध्ये बटणांच्या तारा थेट मदरबोर्डकडे (लॅपटॉपच्या मुख्य सर्किटकडे) जात नाहीत. बटणांची एक छोटी पट्टी असते, ती पॅडच्या मागच्या सर्किटला जोडलेली असते, आणि तिथून एकच रिबन केबल (चपटी, पट्टीसारखी तार) मदरबोर्डकडे जाते. त्यामुळे कर्सर आणि टिचकी दोन्ही चालत असतील पण बटणं नाहीत, तर मुख्य केबल आणि ड्रायव्हर शाबूत आहेत. दोष बटणांच्या पट्टीत, तिच्या बारक्या केबलमध्ये किंवा स्विचमध्ये. बटणं चालतात पण कर्सर हलत नाही, तर पॅड सेटिंगमधून बंद झालाय किंवा त्याचा पृष्ठभाग बिघडलाय. दोन्ही एकदम गेले असतील तरच सेटिंग, ड्रायव्हर आणि मुख्य केबल या सामायिक वाटेकडे वळायचं.

सुट्या बटणांशिवायच्या पॅडला हे गणित थोडं वेगळं लागतं. त्याच्या खालच्या कडेला सहसा एकच स्विच असतो. डावं क्लिक की उजवं, हे स्विच ठरवत नाही. दाबताना बोट कुठे आहे त्यावरून पॅडचा पृष्ठभाग ठरवतो. म्हणून पृष्ठभाग बंद पडला की दाबल्यावर खट्‌ असा आवाज येतो, पण उजवं क्लिक काही केल्या मिळत नाही. अशा वेळी स्विच बदलून काहीच साधत नाही. या पॅडची बिजागरी वरच्या कडेला असते, त्यामुळे वरचा भाग दाबूनही दबत नाही. तो दोष नव्हे, रचनाच तशी आहे. २०१५ पासून मॅकबुकमध्ये आलेल्या फोर्स टच पॅडला तर हलणारा स्विचच नाही. क्लिकचा भास आतल्या कंपनातून होतो, म्हणून मशीन बंद असताना तो दगडासारखा घट्ट वाटतो.

या सगळ्यात सर्वात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे अडकलेलं डावं बटण. बटण वरून नीट दिसतं, पण आतला स्विच दाबलेल्या अवस्थेत राहिलेला असतो. लॅपटॉपला वाटतं की डावं बटण सतत धरून ठेवलंय. मग कर्सर हलवला की मजकूर निळा होत जातो, चिन्हं ओढली जातात, उजवं क्लिक उमटत नाही, बाहेरचा माउस लावला तरी तोही बिघडल्यासारखा वागतो. लोक म्हणतात टचपॅड गेला, व्हायरस आला. बाहेरचा माउसही विचित्र वागतोय, हीच इथली खूण आहे. लिनक्स असेल तर लिबइनपुट या माउस-टचपॅड हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डीबग-इव्हेंट्स आदेशात प्रत्येक दाबणं आणि सोडणं वेगळ्या ओळीत दिसतं. 'प्रेस्ड' आलं आणि 'रिलीज्ड' आलंच नाही, तर निदान झालं. विंडोजमध्ये आधी माउसच्या जुन्या सेटिंगमधलं 'क्लिकलॉक' चालू नाही ना ते बघा, कारण तेही अशीच लक्षणं दाखवतं: बटण क्षणभर धरलं की ते धरलेलंच राहतं.

पॅड पूर्ण बंद असताना हाताशी माउस नसेल तरी काम अडत नाही. विंडोज की आणि आय दाबलं की सेटिंग्ज उघडतात. विंडोज की आणि एक्स, मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या उपकरणांची यादी. त्यात टॅबने यादीत शिरायचं, खाली-वर बाणाने सरकायचं, उजव्या बाणाने गट उघडायचा, शिफ्ट आणि एफ१० ने उजव्या क्लिकचा मेनू आणायचा. अंकांचा वेगळा कीपॅड असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबून माउस कीज चालू करा. ८, २, ४, ६ ने कर्सर हलतो, ५ ने क्लिक होतं, वजाची खूण दाबून ५ दाबलं की उजवं क्लिक, तिरकी रेघ दाबली की पुन्हा डावं. शून्याने बटण धरून ठेवता येतं आणि टिंबाने सोडता येतं. ही सोय एकदा अंगवळणी पडली की पुढची सगळी तपासणी निवांत होते.

आता सेटिंग. दहा महिन्यांत पॅड जेव्हा जेव्हा पूर्ण बंद दिसला, त्यातल्या बहुतेक वेळा कारण इथेच सापडलं. वरच्या ओळीतल्या एखाद्या एफ कीवर टचपॅडचं चित्र असतं. आवाज कमी-जास्त करताना किंवा कीबोर्ड पुसताना ती दाबली जाते आणि पॅड बंद होतो. काही मॉडेलमध्ये पॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की तो बंद होतो आणि तिथे बारीक दिवा लागतो. पुसताना फडकं नेमकं तिथेच घासलं जातं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, मग टचपॅड असा रस्ता आहे. विंडोज १० मध्ये डिव्हाइसेसखाली टचपॅड. तिथे मुख्य कळ चालू आहे ना हे तर बघाच, पण तिच्याखालचा पर्यायही बघा: माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा का. त्याची खूण काढलेली असेल तर यूएसबीला लावलेला वायरलेस माउसचा इवलासा रिसीव्हरही पॅड बंद करायला पुरतो. माउस बॅगेत असतो, रिसीव्हर मात्र लॅपटॉपलाच राहिलेला असतो. हा प्रकार दोनदा घडला आणि दोन्ही वेळा रिसीव्हर उपसल्याबरोबर पॅड चालू झाला.

'टाइप करताना किंवा खेळताना पॅड चालत नाही' ही तक्रार निराळी. टाइप करताना तळहात पॅडला लागून कर्सर भलतीकडे जाऊ नये म्हणून की दाबल्यानंतर थोडा वेळ पॅडवरचा स्पर्श मुद्दाम दुर्लक्षिला जातो. खेळात डाव्या हाताने की धरलेली असते, त्यामुळे हा थोडा वेळ संपतच नाही. टचपॅडच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता 'मोस्ट सेन्सिटिव्ह'वर नेली की विंडोजमध्ये हे सुटतं. पण मग मोठं लेखन करताना तळहाताचा त्रास सुरू होतो, म्हणून काम झालं की मधल्या पायरीवर परत आणलेली बरी.

पूर्ण दुमडता येणाऱ्या लॅपटॉपमध्ये आणखी एक कारण असतं. स्क्रीन मागे वळवली की कीबोर्ड आणि पॅड आपोआप बंद व्हावेत म्हणून आत सेन्सर बसवलेले असतात. चुंबक असलेलं फोनचं कव्हर किंवा घड्याळाचा चुंबकी पट्टा तळहात टेकायच्या जागेवर आला, किंवा लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवला, की सेन्सरला स्क्रीन वळवल्यासारखं किंवा झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि पॅड बंद होतो. आसपासचं चुंबक बाजूला करून बघायला पाच सेकंद लागतात.

सेटिंग ठीक असतील तर मशीन 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलं की सिस्टिमचा गाभा ड्रायव्हरांसकट फाइलमध्ये साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच परत उचलला जातो. ड्रायव्हर गोंधळलेला असेल तर तो गोंधळही परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट धरून शटडाउन केलं तरी तेच साधतं. तेवढ्यानेही नाही झालं तर मशीन बंद करून चार्जर काढा, जोडलेली सगळी उपकरणं काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. काही लॅपटॉपच्या तळाशी टाचणीने दाबायचं रीसेटचं छिद्र असतं, तेही याच कामाचं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेमकं काय बघायचं हे थोडं सविस्तर सांगायला हवं. जुने टचपॅड पीएस/२ या माउस-कीबोर्डच्या जुन्या पद्धतीने बोलतात आणि 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस' या गटात दिसतात. विंडोज ८.१ पासून आलेले प्रिसिजन टचपॅड (विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने चालवतं ते) बहुतेक करून आयटूसी या, मदरबोर्डवरच्या चिपांना जोडणाऱ्या मार्गाने जोडलेले असतात. त्यांची साखळी तीन कड्यांची आहे: 'सिस्टिम डिव्हाइसेस'मध्ये सिरियल आयओ आयटूसी कंट्रोलर, त्याच्यावर 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस' (थोडक्यात एचआयडी) या गटात आयटूसी एचआयडी डिव्हाइस, आणि त्याच्यावर एचआयडी-कम्प्लायंट टच पॅड. खालचं कडं तुटलं की वरचं दिसतच नाही. लोक टचपॅडचा ड्रायव्हर शोधत फिरतात आणि गहाळ झालेला असतो खालच्या कंट्रोलरचा. विंडोज नव्याने टाकल्यावर पॅड बंद असेल तर आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपा) आणि सिरियल आयओचा ड्रायव्हर टाका, तोही त्याच मॉडेलच्या अधिकृत पानावरूनच.

आयटूसी एचआयडी डिव्हाइसवर पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसला तर त्याचा अर्थ उपकरण सुरू होऊ शकलं नाही. तो ड्रायव्हरच्या गोंधळानेही येतो आणि सैल केबलनेही, म्हणून त्यावरून पॅड मेला असं ठरवू नका. टचस्क्रीन असेल तर तीही याच नावाने दिसते. चुकून तिलाच काढून टाकायला नको, म्हणून 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा. मग कोणाच्या पोटात कोण आहे ते कळतं. नेमकं उपकरण सापडलं की 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, पण ड्रायव्हर पुसायच्या चौकोनात खूण करू नका, आणि मग 'ॲक्शन'मधून हार्डवेअर पुन्हा शोधायला लावा. अपडेटनंतर लगेच बिघाड झाला असेल तर गुणधर्मांच्या 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. ते फिकट दिसत असेल तर मागची आवृत्ती मशीनवर शिल्लक नाही, असं समजायचं.

झोपेतून उठवल्यावर पॅड गायब होणं हा या लॅपटॉपचा सगळ्यात चिवट त्रास होता. आयटूसी एचआयडी डिव्हाइसच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते. ती काढून घेतल्यावर त्रास थांबला, आणि बॅटरी किती टिकते त्यात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. पण एका मोठ्या अपडेटनंतर खूण परत आली. अपडेट झालं की तो टॅब एकदा उघडून बघायची सवय ठेवा.

यानंतरही पॅड गप्प असेल तर दोष सॉफ्टवेअरचा की आतल्या भागांचा, याचा निकाल एका चाचणीत लागतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जा. कित्येक नव्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये पॅडने कर्सर हलतो. तिथे हलला तर विंडोजचा दोष. तिथे आतलं पॉइंटिंग डिव्हाइस बंद करायचा पर्यायही असू शकतो, तो चुकून बंद झालेला नाही ना ते पाहा. काही बायोसमध्ये टचपॅडसाठी 'बेसिक' आणि 'ॲडव्हान्स्ड' असे दोन पर्याय असतात: पहिला पीएस/२ आणि दुसरा आयटूसी. आयटूसीचा ड्रायव्हर हाताशी नसेल तर तात्पुरतं 'बेसिक'वर काम निभतं, फक्त जास्त बोटांच्या खुणा मिळत नाहीत. बायोस माउस मानतच नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता. या चाचणीसाठी विंडोजच्या इन्स्टॉलरवर विसंबू नका, कारण त्यात आयटूसीचा ड्रायव्हर नसला तर धडधाकट पॅडही मेलेला दिसतो.

कर्सर उड्या मारत असेल तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी चार्जर काढा. टचपॅड बोटामुळे बदलणारी विद्युतधारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) मोजतो, आणि हे बदल फार बारीक असतात. भूसंपर्क (अर्थिंग) नसलेल्या किंवा हलक्या प्रतीच्या चार्जरची खरखर त्यात मिसळली की पॅडला नसलेली बोटं दिसायला लागतात. बॅटरीवर पॅड नीट चालतो आणि चार्जर लावला की बिघडतो, असं असेल तर चार्जर किंवा सॉकेटचा भूसंपर्क तपासा. ओले हात, हाताला लावलेलं क्रीम आणि पॅडवरचा तेलकट थर यांनीही हेच होतं. मशीन बंद करून, फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. थेट पॅडवर फवारू नका. कडेच्या फटीतून ते आत झिरपतं.

मशीन उघडण्याआधी पॅड बाजूने, डोळ्याच्या रेषेत आणून बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी पॅडच्या खालीच असते. ती फुगली की पॅडला खालून रेटते: आधी क्लिक जड होतं, मग बंद होतं, मग पॅडची कड वर येते, झाकण नीट मिटत नाही किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. यातलं काही दिसलं तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि परत चार्ज करू नका. पॅड दाबून जागेवर बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोचलं किंवा वाकवलं तर ती पेट घेऊ शकते. ती जाणकाराकडून काढून घ्या आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. दुसऱ्या लॅपटॉपचं जड झालेलं क्लिक ही याचीच सुरुवात होती. बॅटरी बदलल्यावर पॅड आपोआप जागेवर बसला, त्याला काहीच करावं लागलं नाही.

बॅटरी सपाट असेल तर मागचं झाकण उघडा. स्क्रू ज्या जागेचे त्या जागेनुसार कागदावर मांडून ठेवा, कारण लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर त्याचं टोक पॅडला खालून टोचतं. दुरुस्तीनंतर लगेच बटण घट्ट झालं असेल तर पहिला संशय याचाच घ्यावा. आत गेल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

रिबन केबल बघताना कनेक्टरची खिट्टी कोणती ते ओळखा. एक प्रकार उचलायचा: केबल ज्या बाजूने शिरते तिच्या समोरच्या किंवा वरच्या कडेला काळी किंवा तपकिरी पट्टी असते, ती नखाने अलगद उभी करायची. दुसरा सरकवायचा: दोन्ही टोकांना इवले कान असतात, ते आळीपाळीने थोडे थोडे, जेमतेम एक मिलिमीटर बाहेर ओढायचे. एकच कान ओढला की खिट्टी तिरकी होऊन तुटते, आणि तुटलेली खिट्टी सुटी मिळत नाही. केबल निळ्या टोकाला धरून सरळ मागे ओढा. टोकाची सोनेरी किंवा चंदेरी पट्ट्यांची ओळ भिंगातून बघा. काळपट डाग किंवा हिरवट बुरशीसारखा थर असेल तर ओलावा आत गेलाय. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं घासू नका, आणि दहा मिनिटं सुकू द्या. परत बसवताना केबल पूर्ण आत जाऊ द्या. तिच्यावरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरचा तिरकेपणा राहिला तरी शेजारच्या तारा एकमेकींना लागतात, आणि मग पॅड अधूनमधून चालतो, अधूनमधून नाही.

बटणाच्या स्विचला मल्टिमीटर (जोड लागला की बीप देणारं मोजयंत्र) लावा, बॅटरी सोडवलेल्या अवस्थेतच. चार पायांच्या स्विचमध्ये पाय दोन-दोन आतून जोडलेले असतात, म्हणून त्याची टोकं (प्रोब) तिरक्या कोपऱ्यांतल्या पायांवर ठेवा. दाबल्यावर बीप आणि सोडल्यावर शांतता हवी. दाबूनही बीप नाही तर स्विच गेला. न दाबता बीप येते तर तो अडकलाय. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होत असेल तर आतला संपर्क झिजलाय किंवा काळवंडलाय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब आणि पाच-पंचवीस वेळा दाबणं याने तो काही दिवस सुधारतो, कायमचा नाही.

स्विच चांगला आहे पण वरून बटण दाबलं की लागत नाही, हेही होतं. बटणाच्या प्लास्टिकच्या पोटाशी एक बारीक टोक असतं, तेच स्विचच्या घुमटावर टेकतं. ते झिजलं की बटण खाली जातं आणि स्विचपर्यंत पोचतच नाही. खात्रीसाठी पेनाच्या मागच्या टोकाने स्विच थेट दाबा. खट्‌ झालं तर स्विचला दोष नाही. त्या टोकावर पिवळ्या पॉलिइमाइड टेपचा एक थर लावला की काम होतं, फार तर दोन. तिसरा लावला की बटण कायमचं दाबलेलं राहतं आणि वर सांगितलेला अडकलेल्या बटणाचा सगळा गोंधळ सुरू होतो.

नवा पॅड मागवायची वेळ आलीच तर लॅपटॉपच्या नावावर मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅड बसवलेले असतात. पॅडच्या मागच्या स्टिकरवरचा भाग क्रमांक, केबलच्या तारांची संख्या, आणि केबलच्या दोन टोकांच्या धातूच्या पट्ट्या एकाच बाजूला आहेत की उलट-सुलट, या तिन्हींचा फोटो काढून ठेवा. तारांची संख्या जुळली आणि बाजू चुकली तर केबल कनेक्टरमध्ये व्यवस्थित बसते, खिट्टीही लागते, पण पट्ट्या संपर्कांच्या उलट बाजूला राहतात आणि नवा कोरा पॅड पहिल्या दिवसापासून मुका असतो.